बस्त्याच्या दिवशी पेपर

दुकानासमोर टेम्पो थांबला आणि त्यातून बायका भराभरा उतरायला लागल्या, तेव्हा निकिताचा एक पाय चपलेत होता. उमरग्याची बस सुटायच्या बेतात होती. तिथं तिचा पेपर होता.

"अप्पा, बस्ता उद्या होता ना?" तिनं सासऱ्यांना विचारलं.

"उद्या अमावस्या लागतीया म्हनं," सिद्रामप्पा म्हणाले. "आज सोमवार चांगला, म्हनून आले."

निकितानं चपलेतला पाय परत बाहेर काढला. मुरुमच्या त्यांच्या कापड दुकानात बस्ता म्हणजे काही साधी खरेदी नव्हे. वऱ्हाड दिवसभर गादीवर ठाण मांडतं. नवरीच्या शालूपासून लांबच्या मावशीच्या साडीपर्यंत सगळं एकाच ठिकाणी घेतं आणि दुपारचं जेवणही दुकानदाराकडेच जेवतं. पण एखादी आत्या रुसली, की सगळ्यांनी उठून समोरचं दुकान गाठलंच म्हणून समजा. अशा आत्यांना सांभाळायचं काम लग्न होऊन आल्यापासून निकिताकडे होतं. नवरा उमाशंकर माल आणायला सुरतेला गेलेला. सासूबाई उमादेवी आत स्वयंपाकघरात. सिद्रामप्पा गल्ल्यावर. साड्या दाखवणार कोण?

त्यात भर म्हणजे सासऱ्यांची अट. निकितानं व्यवसाय-व्यवस्थापनाच्या पदवीला बाहेरून नाव घातलं, तेव्हाच त्यांनी बजावलं होतं, "शिक की. पर तुझ्या शिकन्यापायी एक बी बस्ता मोडला, तर पुस्तकं माळ्यावर." ती मोठ्यानं वाचायला लागली की ते गल्ल्यावरून ऐकायचे आणि हसायचे, "ह्यात नवं काय हाय? माझा बापबी हेच करायचा."

आज मात्र ते हसले नाहीत. त्यांनी बायकांकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"जा."

"पण अप्पा, साड्या..."

"जा म्हनलं न्हवं? बस चुकंल."

ती गेली. बसमध्ये तिचं पुस्तक मांडीवर उघडं होतं आणि डोळ्यांपुढं समोरचं दुकान दिसत होतं. पेपर 'व्यवस्थापनाची मूलतत्त्वे' या विषयाचा होता. दुसराच प्रश्न होता, चांगला व्यवस्थापक कोणाला म्हणावे? तिनं पाठ केलेलं लिहून टाकलं. ज्याच्या गैरहजेरीतही काम अडत नाही, तो चांगला व्यवस्थापक. लिहिताना तिला स्वतःचंच हसू आलं. आपण नसलो की दुकान अडतं, याची धास्ती होती हे खरं. पण आतून थोडा अभिमानही होता. खोटं कशाला बोला?

परतीच्या बसमधून ती उतरली तेव्हा उन्हं कलली होती. टेम्पो अजून दारातच उभा होता. एव्हाना बस्ता बांधून वऱ्हाड वाटेला लागायला हवं होतं. म्हणजे काहीतरी बिनसलंय. आता पुस्तकं माळ्यावर. ती जवळजवळ पळतच दुकानापाशी आली.

आतून हसण्याचा कल्ला ऐकू येत होता.

दारात सिद्रामप्पा भेटले. धोतराचा सोगा खोचलेला, एका हातात आमटीची रिकामी बादली, दुसऱ्यात पळी. तीस वर्षांत या माणसानं घरात पाण्याचा तांब्या उचललेला कुणी पाहिला नव्हता.

"अप्पा, हे काय?"

"आत जाऊन बघ," ते म्हणाले. त्यांचा चेहरा घामेजलेला होता, पण रागावलेला नव्हता.

गादीवर साड्यांचा ढीग पडला होता. भरजरी साड्या सुतीत मिसळलेल्या, घड्या विस्कटलेल्या, आणि त्या ढिगाच्या मधोमध उमादेवी मांडी घालून बसल्या होत्या. खांद्यावर मोरपंखी पदर टाकलेला, डोक्यावरचा पदर कधीच घसरलेला. एका बाईला हाताला धरून त्या म्हणत होत्या, "बर्री, कूड्री, या, बसा हो. घाई काय हाय?" सीमेपलीकडून आलेल्या त्या बायका त्यांच्याशी भडाभडा कानडी बोलत होत्या. तेरला माहेर असलेल्या निकिताला त्यातलं निम्मंही कळत नव्हतं.

"तुजा सासरा साडी खांद्यावर टाकून दावायला लाजला गं," नवरीची आत्या नागम्मा निकिताला म्हणाली. "मग म्या आत जाऊन हिलाच वढून आनली. भाव ठावं न्हाय, घडी येत न्हाय, पर बाई लई ग्वाड."

बस्ता कधीच ठरला होता. सगळ्या साड्या बाजूला काढून झाल्या होत्या. नागम्मानं ठरल्यापेक्षा दोन जास्त घेतल्या होत्या. वऱ्हाड नुसतं गप्पांसाठी बसलं होतं.

निकिताला जरासं टोचलं. मग हायसं वाटलं, आणि मग खूपच बरं वाटलं. पदर खोचून ती सासूबाईंपुढं गेली.

"अव्वा, दमला असाल. सरा, घड्या मी घालते."

उमादेवींनी मांडीवरची साडी घट्ट धरली.

"राहू दे. एवढी वर्सं ह्या दुकानाच्या हर एक बस्त्याला भात म्या घातला. बस्ता कसा असतो ते आज बघितलं." त्या थांबल्या आणि मग सुनेच्या कानाशी वाकून हळूच विचारलं, "तुजा फुडचा पेपर कवा हाय गं? त्या दिशी बी एक बस्ता बोलवू."