डाव्या नळावरचा साबण

साबणाचं पुट नखाने खरवडलं तर चक्क खपलीसारखं निघून आलं. लेक बघतच राहिली. फरश्यांवर पांढुरका थर, काचेवर थर, साबणाच्या खाचेत तर नुसता चिखल. आणि हे कुणाच्या बाथरूममध्ये? जिने लहानपणी तिला अंघोळीनंतर भिंती पुसल्याशिवाय कधी बाहेर पाऊल टाकू दिलं नाही, त्या तिच्या आईच्या.

थोड्याच वेळात नवरा बाळाला घेऊन येणार होता. उद्यापासून लेकीची नोकरी पुन्हा सुरू होणार आणि बाळ दिवसभर आजीकडे राहणार, असं ठरलं होतं. नवरा तसा देवमाणूस, पण स्वच्छतेच्या बाबतीत त्याचं नाक भारी तिखट. त्याने हे पाहिलं की ठरलेलं सगळं फिसकटणार, मग नोकरीलाही रामराम. तिने स्वयंपाकघरातून व्हिनेगरची बाटली गुपचूप उचलली, भिंतींवर शिंपडून जरा मुरू दिलं आणि जुना टूथब्रश घेऊन कंबर कसली.

"काय चाललंय गं इतका वेळ?" आईने बाहेरून विचारलं.

"काही नाही. हात धुतेय."

"हात धुतेस की हत्ती?"

लेकीला हसू आलं. जीभ तर होती तशीच तल्लख होती, मग घर असं का? आळस चढला असेल, दुसरं काय. तिला आईचा थोडा रागही आला. फरश्या चमकल्या, उजवा नळही एका हातासरशी लखलखीत झाला. डाव्या नळावर मात्र साबण थापून ठेवल्यासारखा वाळला होता. त्याने तिचा चांगलाच घाम काढला.

ती ब्रश धूत होती तेवढ्यात आई हात धुवायला आत आली. तिचा हात डाव्या नळाशी गेला आणि थबकला. मग उजव्याकडे गेला. पुन्हा डावीकडे आला. बोटं दोन्ही नळांवरून नुसती फिरत राहिली.

"इथला साबण कुणी काढला?"

"मी काढला. केवढा थर होता, आई! तुला दिसत नव्हता का?"

"नाही दिसत," आई म्हणाली.

लेकीच्या हातातला ब्रश तसाच राहिला.

"गरम पाण्याचा नळ कळावा म्हणून मीच थापला होता. एकदा हात भाजला, तेव्हापासून." आई अगदी भाजीचा भाव सांगावा तशी बोलत होती. "डॉक्टरांना दाखवलंय. काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले. उरलीसुरली टिकावी म्हणून थेंब घालते."

"आणि उद्या बाळ..."

"तोच घोर लागलाय जिवाला. नाही म्हणायला जीभच रेटेना. केवढं हवंय गं मला ते पोर."

लेकीला रडू फुटलं. मघाशी आपण हिला आळशी म्हटलं, याची तिला लाज वाटली. "मी त्याला सांगते. तो समजून घेईल."

"अजिबात सांगायचं नाही. जावई चांगले आहेत, म्हणूनच नको म्हणते. आजच्या आज मला उचलून तुमच्या घरी नेऊन बसवतील. इथं मला कपाटाचा कोपरा न् कोपरा ठाऊक आहे, माझं माझं भागतं. तिथं मी आंधळी होईन. माझी शपथ आहे तुला."

दारावरची घंटा वाजली.

जावई आला, बाळाला लेकीच्या कडेवर देऊन हात धुवायला गेला आणि आतूनच ओरडला, "वा! आई, बाथरूम असावं तर असं! आमच्याकडे येऊन जरा शिकवा हिला." हात पुसत तो बाहेर आला. "मग उद्या सकाळी आणून सोडतो साहेबांना."

साहेबांनी आजीला पाहून दोन्ही हात पसरले आणि लेकीच्या कडेवरून तिच्याकडे झेप घेतली. आईने आपले हात पाठीमागे बांधले.

"जावईबापू, मला काही हे जमायचं नाही," ती म्हणाली. "एक लेक वाढवली, पुरे झालं. या वयात पुन्हा लंगोट बदलत बसायची मला हौस नाही. तुमचं तुम्ही बघा."

जावयाचा चेहरा उतरला. उलट बोलायचा त्याचा स्वभाव नव्हता. त्याने बाळाची पिशवी पुन्हा खांद्याला अडकवली आणि बायकोला दाराशी बाजूला घेतलं.

"अगं, सख्ख्या नातवाचा एवढा कंटाळा तुझ्या आईला?"

आई खिडकीकडे तोंड करून उभी होती, पण तिचे कान इकडेच होते. लेकीने बाळाला घट्ट धरलं.

"हो," ती म्हणाली. "पहिल्यापासून तशीच आहे ती."