बातमीनंतरचा फोन

पंधरा वर्षं नीना लंडनला परराष्ट्र खात्याच्या दारात माइक धरून उभी राहायची आणि मंत्र्यांच्या गोडगोड वाक्यांमागे काय दडलंय ते टीव्हीवर उलगडून सांगायची. तरीही सहाच्या बातम्या संपल्या की नॉटिंगहॅमहून तिच्या आईचा, अलकाताईंचा, फोन यायचाच. इराक युद्धाच्या दिवसांत तर रोज.

"म्हणजे नक्की काय ग?"

मग नीना घरच्या मराठीत सांगायची, "आई, 'मोकळेपणाने चर्चा झाली' म्हणाले ना, म्हणजे चांगलंच वाजलंय त्यांचं."

त्या मंगळवारी मात्र ती नॉटिंगहॅमलाच होती, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये. बाबांच्या कन्सल्टंट डॉक्टरने तिला बाजूला घेऊन जे सांगितलं, त्यात उलगडण्यासारखं काही नव्हतंच. आता उपचार थांबवायचे, फार तर एक आठवडा. मंत्र्यांना एकच प्रश्न सात-सात वेळा विचारणाऱ्या नीनाला या माणसाला विचारायला एकही प्रश्न सुचला नाही.

ती वॉर्डात परतली तेव्हा आई बाबांच्या धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत बसली होती.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"अजून सगळे पर्याय खुले आहेत, आई," नीनाच्या तोंडून मंत्र्यांचंच वाक्य निघून गेलं. "आशा सोडलेली नाही म्हणाले."

आईने हातातला मोजा मांडीवर ठेवला. 'म्हणजे नक्की काय' असं तिने या खेपेला विचारलं नाही.

 

"किती दिवस म्हणाले?"