कपाटातलं लेकरू

लेकीची खोली सजवायला नवरा-बायकोनं जुन्या बाजारातून लाकडी घोडा आणि एक कपाट आणलं. कपाटाच्या दारावर आतून पेन्सिलीच्या रेघा होत्या, कुणाच्या तरी मुलाच्या उंचीच्या. शेवटची रेघ जेमतेम बायकोच्या कमरेपर्यंत येऊन थांबली होती.

“पुढे काय झालं असेल रे त्याचं?” तिनं त्या रेघेवर बोट ठेवलं.

“घर बदललं असेल त्यांनी. तू पण ना!”

तरी तिला घास गोड लागेना.

काही दिवसांनी रंग द्यायला दार उघडलं, तर बोटभर वर एक नवी, ठळक रेघ. लेक तर अजून रांगतच होती. नवरा पांढराफटक पडला. “आईशप्पथ, मी नाही काढली.”

तिचा मात्र जीव भांड्यात पडला. “वाढतंय रे लेकरू!”

“मग... रंग?”

“आतून नको देऊस,” लेकीचे कपडे बाहेर काढत ती म्हणाली. “आणि दार जरा किलकिलं राहू दे.”