पान्याचं तोंड

अप्पांनी चेनकव्हरचा बोल्ट आवळला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "कालच तर कसला होता. परत ढिला?"

एका गिऱ्हाइकाच्या गाडीचा ब्रेक जोडायचाच ते विसरले, तेव्हा आम्ही त्यांचं गॅरेज बंद केलं. पण रिकामपण त्यांना सोसेना. म्हणून मी अंगणात पत्र्याची शेड घातली, खिळे ठोकून त्यांचे पाने ओळीनं टांगले आणि त्यांचीच जुनी मोटारसायकल मधोमध उभी केली. दुपारी त्यांचा डोळा लागला की मी एखादा बोल्ट ढिला करून ठेवते. तेवढाच त्यांना उद्योग.

"गाडीमालकाला सांगा बाई," आज ते म्हणाले, "घरातलंच कुणीतरी मुद्दाम ढिलं करतंय."

"कशावरून?"

"खिळ्यावर पान्याचं तोंड रोज उलट्या बाजूला असतं. टांगणारा डावखुरा आहे." मग ते एकदम हसले. "माझी मुलगीपण डावखुरीच. शाळेतून येईलच एवढ्यात. आली की ओळख करून देतो."

मी डावा हात पदराआड घेतला.

"थांबते की," म्हणाले.