दाताने तोडायचा दोरा

कामावर निघताना त्याच्या शर्टाचं छातीवरचं बटण तुटलं. बायकोने अंगावरच ते शिवलं, पण दोरा दाताने तोडायचा सोडून ती कात्री शोधू लागली. या खणातून त्या खणात. तिच्या घशाशी आंबट पाणी, जिवाला घोर. पोटातल्या जंतूंवरची औषधं संपली तरी जळजळ परतलीच. “तोड ना दाताने, नेहमीसारखा,” तो म्हणाला. “नको. डॉक्टर म्हणाले, असले जंतू कधीकधी तोंडातही दडून बसतात.” “म्हणून महिनाभर तोंड फिरवून झोपतेस? मला वाटलं, मनातून उतरलो.” ती पुन्हा खण उपसू लागली. त्यानेच मान वाकवली. दात काही दोऱ्यापर्यंत पोचेनात. “बगळ्याची मान हवी,” म्हणत ती हसली आणि हल्लीच्या सवयीप्रमाणे तोंडावर हात न्यायला विसरली. हिरड्या रक्ताळलेल्या दिसल्या. “चप्पल घाल, दातांच्या डॉक्टरकडे जाऊ.” “अहो, हा दोरा?” “राहू दे लोंबत. बरी झालीस की तूच तोड.”