पडद्यावरचे बारा जण

रंगाच्या कारखान्यातल्या वाफांनी छाती खराब झालेल्या बारा कामगारांना तिने कॅमेऱ्यासमोर बोलतं केलं. "तुझ्या भरवशावर तोंड उघडतोय गं पोरी," म्हणत सगळ्यात आधी तिचा मामाच बसला.

आर्ट गॅलरीत ते बारा चेहरे पुरुषभर उंच पडद्यांवर बोलू लागले. चौथ्या दिवशी खुद्द कारखान्याचे मालक आले, शेवटपर्यंत उभे राहिले आणि अख्खी कलाकृती विकत घेऊन गेले. तिला आभाळ ठेंगणं झालं. दुसऱ्या दिवशी तिने फोन लावला.

"मामा, मालकांना पाझर फुटला! आपली फिल्म त्यांनी स्वतःसाठी घेतली."



"माहितीये गं. राजीनामा लिहून घेण्याआधी आम्हाला एकेकाला केबिनमध्ये बसवून दाखवली."