खात्रीचं यंत्र

"यातलं कुठलं यंत्र खोटं बोलत नाही?" बाईंनी विचारलं.

काउंटरमागचा, दुकान चालवणाऱ्या दोघा भावांतला थोरला हसला. गाडीच्या अलार्मच्या दुकानात लोक भाव विचारतात, गॅरंटी विचारतात, वायर उंदीर कुरतडतील का तेही विचारतात. हा प्रश्न त्याला नवा होता.

"ताई, यंत्र कशाला खोटं बोलेल? त्यासाठी माणसं आहेत की!"

स्वतःच्याच विनोदावर खूश होत त्याने तीन खोकी काचेवर मांडली. पहिल्यात साधा भोंगा, गाडीला कुणी हात लावला की बोंबलणारा. दुसऱ्यात इमोबिलायझर, म्हणजे स्वतःची चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरूच होऊ न देणारा. तिसरं खोकं त्याने जरा सावकाश उघडलं, कारण ते सगळ्यात महाग होतं.

"हा ट्रॅकर. गाडी कुठे गेली, कुठे थांबली, कुठे धक्का बसला, सगळं फोनवर. गाडी कुणाची आहे?"

"मुलाची. नुकताच शिकलाय चालवायला. येईलच एवढ्यात गाडी घेऊन."

"आणि साहेब?"

"ते गेले. सायकलवरून येत होते. गाडीने उडवलं."

थोरल्याने जीभ चावली. माणूस गिऱ्हाईक सोडणारा नव्हता, पण काळजाचा दगडही नव्हता. त्याने बाईंसाठी पंखा वाढवला आणि पाणी पुढे केलं.

ग्लास घेताना बाईंच्या मनगटावरचं घड्याळ त्याला दिसलं. मोठं, पुरुषी, काच तडकलेली. दिवस चांगला वर आला होता आणि घड्याळात पावणेआठ वाजले होते.

"ताई, घड्याळ बंद पडलंय तुमचं. शेजारीच दुरुस्तीवाला आहे, माझं नाव सांगा."

"राहू दे," बाई म्हणाल्या. "मला सांगा, गाडी चोरीला गेली तर गेली. पण कुठे ठोकर बसली तर मला कळेल का? मुलं घरी येऊन खरं सांगतीलच असं नाही."

"अगदी बरोबर बोललात!"

"साधा भोंगा घ्या, ताई," दारातून आवाज आला. तिथे धाकटा भाऊ एका जीपच्या बॉनेटमध्ये डोकं घालून वायर जोडत होता. "ट्रॅकर म्हणजे नुसती डोकेदुखी. बॅटरी उतरते."

थोरल्याने डोळे वटारले. हल्ली या पोराचं काय बिनसलं होतं कोण जाणे! ट्रॅकर काढला रे काढला की हा मध्ये तोंड घालायचा. पोट कमी करायचंय म्हणत दुकानातही पायी यायचा, जेवणात लक्ष नाही. आईबाप गेल्यावर थोरल्याने त्याला हाताखाली वाढवलेलं, त्यामुळे गिऱ्हाइकासमोर रागवायलाही जीव होईना. चालायचंच, लग्न ठरलं की ताळ्यावर येईल.

"बाहेरची लाल गाडी तुमचीच का?" बाईंनी विचारलं. "एक दिवा नवा दिसतोय."

"नजर तयार आहे हो तुमची! एक जुना, पिवळा पडलेला, दुसरा नवाकोरा. या शहाण्याने आमच्या घराच्या फाटकावर घातली." तो हसला. मग पुढे वाकून म्हणाला, "खरं सांगू? त्याच गाडीत हा ट्रॅकर आहे. आधी स्वतःच्या गाडीत वापरायचा, मग विकायचा, असा माझा नियम आहे. बसवला तेव्हा घरात कुणाला सांगितलं नाही. हा धाकटाही आत्ताच ऐकतोय."

जीपमधली खुडबुड थांबली.

"पण नोंद पुसता येत असेल ना?" बाई म्हणाल्या.

"छे! सगळं कंपनीकडे जमा होतं. मी मालक, पण मलासुद्धा पुसता येत नाही. विश्वास नाही? कोणतीही तारीख सांगा."

"दादा, गिऱ्हाइकाला कशाला आपल्या गाडीचं?" धाकटा म्हणाला.

"तू तुझं काम कर. सांगा ताई."

बाईंनी जरा विचार केल्यासारखं केलं. "सतरा जानेवारी."

"वाढदिवस का?"

"तसंच काहीतरी."

थोरल्याने चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि फोन दोघांच्या मध्ये काचेवर ठेवला. "सतरा… हं. मी तापाने झोपलो होतो, गाडी याच्याकडे होती. ही बघा दुकानातून निघाली. बाजार, मग कालव्याचा रस्ता. आणि ही लाल खूण! लाल म्हणजे जोराचा धक्का. टिपलाय की नाही बरोब्बर? हाच तो आमच्या फाटकाचा…"

त्याचं बोट तिथेच राहिलं. फाटक घराला होतं. लाल खूण कालव्याच्या पुलावर होती. गाडी तिथे जराशी थांबली होती आणि मग निघून गेली होती.

दारात पाना खाली पडला.

"दादा," धाकटा म्हणाला. लहानपणी अंधारात हाक मारायचा, तशी.

थोरल्याला काहीतरी बोलायला हवं होतं, आणि सुचलं ते एवढंच. "तुमचा मुलगा… अजून आला नाही, ताई."

"मला मुलगा नाही," बाई म्हणाल्या आणि घड्याळाचा हात त्यांनी फोनशेजारी ठेवला. लाल खुणेखालीही पावणेआठच वाजले होते.